तुम्ही विचारलंत म्हणून: जीडीपी वाढला, तर ख्रिस्ती माणसानं आनंद मानावा का?

मी जालन्यात अर्थशास्त्र शिकवतो आणि मंडळीत वडीलजनांबरोबर बसतो. त्यामुळे रविवारची उपासना सुटली की हा प्रश्न ठरलेला: "सर, देश एवढ्या टक्क्यांनी वाढला म्हणतात. आपण आनंद मानायचा, की हा सगळा धनाचाच मोह?"

आनंद मानावा. जीडीपी म्हणजे वर्षभरात देशात तयार झालेल्या वस्तू-सेवांची किंमत. आपल्या एमआयडीसीतली सळई, बियाणं, मोंढ्यातल्या हमालाचं काम, सगळं त्यात येतं. हाताला काम मिळणं हा मी देवाचा आशीर्वादच मानतो. मोजणंही वाईट नाही. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ साठी हिंदी माणसाचं वार्षिक उत्पन्न २० रुपये काढलं, म्हणून तर इंग्रज सरकारपुढे इथल्या दारिद्र्याचा पुरावा उभा राहिला.

पण मार्काच्या बाराव्या अध्यायात येशू दानपेटीसमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते बघतो. श्रीमंत पुष्कळ टाकतात, एक विधवा दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी दोन नाणी टाकते. तो शिष्यांना बोलावून सांगतो की, सगळ्यांत जास्त हिनंच टाकलं. बाकीच्यांनी उरलेल्यातून दिलं, हिनं आपल्या कमताईतून. किती टाकलं याबरोबर कशातून टाकलं, हे त्यानं पाहिलं. जीडीपीला हे दुसरं दिसत नाही, आणि मराठवाड्यात तर तेच आधी बघावं लागतं.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा वर्षी टँकरच्या फेऱ्या, जारचं पाणी, नव्या बोअरची खोदाई हे सगळं उत्पादनात मिळवलं जातं. खाली गेलेलं भूजल मात्र त्यातून वजा होत नाही.

त्याहून जड गोष्ट बीडची. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतही बाईला फडात उभं राहावं लागतं. तरण्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याचं पुढं आलं, तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. खासगी दवाखान्यातलं असं प्रत्येक ऑपरेशन हिशेबाच्या दृष्टीनं सेवा आहे. त्याचं बिल जीडीपीत येतं. ते बिल भरायला पुन्हा उचल घेतली असेल, तर तिची नोंद त्या आकड्यात कुठंच नाही. पहाटे फडावर जाण्याआधी त्याच बाईनं थापलेल्या भाकरीही त्यात नाहीत.

यात आकड्याची लबाडी नाही. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब बसवणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच अमेरिकी सिनेटला बजावलं होतं की, यावरून लोकांचं कल्याण ठरवता येणार नाही. आकडा त्याचं काम करतो. दुसरा प्रश्न विचारायचं काम आपलं.

म्हणून जीडीपीची बातमी आली की मी शेतमजुरी महागाईच्या पुढं गेली का ते बघतो, आणि दसरा-दिवाळीनंतर आपल्या भागातून किती कोयते, म्हणजे किती जोडपी, ऊसतोडीला निघाली याची चौकशी करतो. मजुरी वाढून कोयते कमी झाले असतील, तर त्या रविवारी उपकारस्तुतीची प्रार्थना मी स्वतः मागून घेईन.