स्विफ्टला सिटीची अलॉय: सगळं बसलं, अडलं ते नटांवर

व्हीलनट मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "गाडी कुठली?" दुसरा प्रश्न येतच नाही. गाडीला तिच्याच डिस्क, म्हणजे टायर ज्यावर चढतो ती धातूची व्हील्स, असतील तर तेवढ्यावर भागतं. पण एका गाडीची व्हील्स दुसरीला चढवायची असतील, तर नुसत्या गाडीच्या नावावर काढून दिलेला नट निम्माच बरोबर असतो. रत्नागिरीपासून कुडाळपर्यंत ज्या ज्या काउंटरवर मी हा विषय काढला, तिथे एकच उत्तर मिळालं: "टाइट होतोय ना? मग बसला." या उत्तराचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

काम तसं सरळ होतं. स्विफ्टच्या 14 इंची लोखंडी डिस्क काढून जुन्या होंडा सिटीची कंपनीची 15 इंची अलॉय लावायची. दोन्हींची पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या वर्तुळाचं माप, 4×100 (चार भोकं, 100 मिमी व्यास), त्यामुळे भोकं जुळतात. टायर 185/65 आर15 घेतले, म्हणजे चाकाचा एकूण व्यास स्विफ्टच्या मूळ मापाजवळ राहतो. व्हीलचं मधलं भोक 56.1 मिमी आणि स्विफ्टचा हब (व्हील ज्यावर बसतं तो गाडीकडचा भाग) 54.1, त्यासाठी मधली फट भरणारी 56.1-54.1 ची कडी, म्हणजे हबरिंग, मिळते. व्हील हाताने फिरवून ब्रेकच्या कॅलिपरला आणि आतल्या बाजूला सस्पेन्शनच्या स्ट्रटला लागत नाही ना, ते पाहिलं. इथपर्यंत कुठेही अडलं नाही.

अडलं ते नटांवर. नट दोन जागी लागतो: आतून स्टडच्या (हबमधून बाहेर आलेल्या बोल्टच्या) आट्यांवर आणि बाहेरून व्हीलच्या भोकातल्या बैठकीवर. आटे कुठले हवेत ते गाडी ठरवते, बैठक कुठली हवी ते व्हील ठरवतं. मारुतीचे स्टड 12×1.25, म्हणजे 12 मिमी जाडी आणि दोन आट्यांत सव्वा मिमीचं अंतर. होंडा, टोयोटा, ह्युंदाई, किआ यांचे 12×1.5. निसान मारुतीसारखी 12×1.25. बिल्ल्यावर जाऊ नका: ग्लान्झावर टोयोटाचं नाव असलं तरी खाली बलेनोच आहे, तिचे आटे मारुतीचेच.

आता बैठक. मारुतीची मूळ डिस्क 60 अंशाच्या टेपरची, नटाचं तोंड सरळ उताराचं. बाजारात सुटी मिळणारी बहुतेक अलॉयही याच टेपरची असतात. होंडाच्या कंपनीच्या व्हीलला मात्र बॉल सीट असते, 12 मिमी त्रिज्येची, तिला आर12 म्हणतात. नटाचं तोंड गोलाकार आणि भोकातला खळगाही तसाच गोल. म्हणजे मला हवा होता तो नट असा: आटे मारुतीचे, तोंड होंडाचं. मारुतीचा नट मागितला की 12×1.25 टेपर पुढ्यात येतो, होंडाचा मागितला की 12×1.5 बॉल. दोन्हींचा मेळ असलेला नट कोकणात एकाही काउंटरवर तयार नव्हता. तो नाही याचं वाईट वाटलं नाही. अशी वेगळी वस्तू आहे हेच कोणी मानायला तयार नव्हतं, त्याचं वाटलं.

फरक डोळ्यांनी दाखवता येतो. दुकानदाराशी हुज्जत घालण्यापेक्षा हे करा. नटाच्या तोंडाला व्हाइटबोर्ड मार्करची शाई सगळीकडून लावा. वाळण्याआधी नट व्हीलच्या भोकात बसवा, हाताने घट्ट करा, पान्याने हलकासा दाब द्या आणि सोडवून बघा. बैठक बरोबर असेल तर नटाच्या तोंडावरची शाई रुंद पट्ट्यात पुसलेली दिसते आणि तोच पट्टा भोकात उमटतो. टेपर नट बॉलच्या खळग्यात घातला तर शाईत फक्त एक बारीक रेघ पडते, पेन्सिलीने गोल काढल्यासारखी. बाकी सगळी शाई जशीच्या तशी. त्या रेघेवर चाक धरलेलं असतं. गोल बुडाची वाटी उभट पेल्यात ठेवली तर ती फक्त कडेवर टेकते, तसंच हे.

टाइट तर होतोय ना, मग बिघडतं काय? चाक धरलं जातं ते दाबामुळे. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि तो ताण व्हीलला हबच्या तोंडावर दाबून ठेवतो. गाडीचं वजन आणि ब्रेकचा जोर पेलायचा असतो तो या दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणाने, स्टडने आडवा मार खायचा नसतो. ढोबळ हिशेबाने 12 मिमीच्या कोरड्या स्टडवर 85 न्यूटन-मीटर आवळलं की एका स्टडमागे साडेतीन टनांच्या आसपास दाब तयार होतो. एवढा दाब त्या बारीक रेघेवर पडला की अलॉयचं नरम धातू चेपतं. एखाद्या दशांश मिमीने जरी नट आत गेला तरी स्टडचा ताण उतरतो. मग व्हील हबवर सूक्ष्म सरकायला लागतं, भोक लांबट होतं, आणि पुढचा मार स्टड खातो. तुटतो तो थकून, अगदी सरळ रस्त्यावरसुद्धा. आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट उतरताना ब्रेकची डिस्क तापते, पायथ्यानंतर सपाटीवर गार होते, आणि या तापण्या-निवण्यात अर्धवट बसलेला नट आणखी ढिला होतो. दुकानात टाइट झालेला नट घाटाखाली टाइट असेलच असं नाही, हे काउंटरवर बसून कळत नाही.

आट्यांचीही गंमत नको. 12×1.5 चा नट 12×1.25 च्या स्टडवर बोटांनी दोन-तीन फेरे जातो आणि अडतो. तिथे इम्पॅक्ट गन (झटके देत आवळणारं यंत्र) लावली की तो "बसतो", आणि स्टडचे आटे जातात. नट बोटांनी शेवटपर्यंत गेलाच पाहिजे. पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, मोजायचं गेज नसेल तर व्हर्नियरने स्टडवरचे सलग दहा आटे मोजा: 12.5 मिमी आले तर सव्वाचा, 15 आले तर दीडचा. याहून घातकी प्रकार म्हणजे अर्धा इंची नट. विलीजच्या घराण्यातल्या जुन्या जीपांना अर्ध्या इंचाचे, इंचाला 20 आट्यांचे स्टड असायचे. असे नट आपल्याकडच्या पंक्चरवाल्यांच्या डब्यांत अजून सापडतात. त्यांची पिच 1.27 मिमी पडते, 1.25 च्या इतकी जवळ की 12 मिमीच्या स्टडवर तो नट अडखळत नाही, उलट सरसर जातो. पण व्यास 12.7, त्यामुळे आटे नुसते टोकाला टेकलेले असतात आणि आवळताना सोलून निघतात. नट स्टडवर अर्धा चढवून आडवा हलवून बघा. योग्य नट जेमतेम हलतो, हा डुगडुगतो.

नट मिळत नाही म्हटल्यावर तोडगे भरपूर सुचवले जातात. पहिला: एमआयडीसीतल्या लेथवर टेपर नटाचं तोंड गोल करून घ्या. नटावरचा झिंकचा थर निघून जातो आणि खाऱ्या हवेत तो पहिल्याच पावसाळ्यात गंजतो. शिवाय सोळा नटांना नेमकी 12 ची त्रिज्या काढायला त्याच आकाराचं घडवलेलं हत्यार, फॉर्म टूल, लागतं, अंदाजाने घासून ती येत नाही. दुसरा: व्हीलच्या भोकालाच टेपर मारा. याला कधीच हो म्हणू नका. ज्या धातूवर सगळा दाब येतो तोच कापला जातो, आणि एकदा गेला की परत येत नाही. तिसरा: मध्ये वॉशर घाला. वॉशर ना टेपरवर बसतो ना बॉलवर. चौथा: हबचे स्टडच बदलून 12×1.5 चे ठोका, मग होंडाचे नट चालतील. हे तत्त्वात बरोबर आहे, पण नव्या स्टडच्या मुळाशी असलेला रेघारेघांचा भाग हबच्या भोकात नेमका घट्ट बसला पाहिजे, लांबी जुळली पाहिजे, आणि प्रेसवर सोळा स्टड बदलावे लागतात. नट मागवणं त्याहून कितीतरी सोपं.

मागवताना गाडीचं नाव सांगूच नका. नाव ऐकलं की समोरचा सवयीने टेपर काढतो. एवढंच लिहून पाठवा: 12×1.25, बॉल सीट आर12, 19 चा हेक्स (पाना बसतो तो षटकोनी भाग, मिमीत), सोळा नग आणि वर दोन जादा. सोबत व्हीलच्या भोकाचा उजेडात काढलेला फोटो आणि होंडाच्या मूळ नटाचा तोंडाकडून काढलेला फोटो. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात किंवा ऑनलाइन ट्यूनिंगचं सामान ठेवणाऱ्यांकडे अशी मापं मिळतात, आणि माल रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल येतो. आर12 वर ठाम राहा. फोक्सवॅगन-स्कोडाचे बॉल सीटचे बोल्ट आर13 चे असतात, त्यामुळे "बॉल आहे" एवढं ऐकून पैसे पाठवू नका. माल आल्यावर पुन्हा शाईची परीक्षा. रुंद पट्टा उमटलेला पाहिला तेव्हा खरंच हायसं वाटलं.

बंद तोंडाचा नट घेतलात तर आतली खोली मोजा. स्टड नटाच्या बुडाला आधीच टेकला तर नट दगडासारखा घट्ट लागतो आणि चाक मात्र सैल राहतं. उलट बाजूने, आटे पुरेसे अडकले पाहिजेत: निदान स्टडच्या जाडीइतके, म्हणजे सव्वाच्या पिचला साधारण दहा फेरे आणि दीडच्या पिचला आठ. नट व्हीलला टेकण्याआधी बोटांनी फेरे मोजून घ्या. अलॉयचा नटाभोवतीचा खड्डा अरुंद असेल तर गाडीतला जाड पाना आत जात नाही, पातळ भिंतीचा सॉकेट लागतो. तो घरी नाही, डिकीत हवा.

किनाऱ्यावर चमकत्या क्रोमच्या टोपीचे नट घेऊ नका. वरची पातळ टोपी वेगळी असते. खारं पाणी तिच्याखाली शिरलं की आत गंज फुगतो, हेक्स 19 चा राहत नाही, आणि पंक्चर झालं की पाना बसत नाही. अखंड स्टीलचे, झिंक प्लेटिंगचे नट दिसायला साधे पण टिकतात. अॅल्युमिनियमचे रंगीत तर अजिबात नकोत.

हबचं तोंड वायरब्रशने चकाचक करा. गंजाची खपली किंवा जांभ्याची लाल माती मध्ये राहिली तर ती नंतर चेपते आणि सगळा दाब उतरतो. खाऱ्या हवेत अलॉय लोखंडी हबला चिकटून बसतं, म्हणून मधल्या भोकाच्या काठावर अँटीसीझचं (चिकटू न देणाऱ्या पेस्टचं) बोट फिरवायला हरकत नाही. आट्यांवर आणि नटाच्या तोंडावर मात्र तेल-ग्रीस काही नको. ओल्या आट्यांवर त्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) स्टड बराच जास्त ताणला जातो, कारण घर्षणात जाणारा जोर वाचतो.

टॉर्क गाडीच्या पुस्तिकेतला घ्यायचा, व्हीलच्या गाडीचा नाही. स्टड स्विफ्टचा आहे. स्विफ्टचा आकडा मॉडेलनुसार 85 किंवा 100 न्यूटन-मीटर, सिटीचा 108. नट आधी बोटांनी, मग गाडी जॅकवर असताना पान्याने समोरासमोर, आणि चाक जमिनीला टेकल्यावर टॉर्क रेंचने. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर चाक गार असताना पुन्हा तपासा.

ज्यांची केस उलटी आहे, म्हणजे मारुतीची अलॉय होंडाला लावायची, त्यांचं नटांचं काम सोपं; मात्र 54.1 चं मधलं भोक होंडाच्या 56.1 च्या हबवर चढत नाही, ते आधी बघा. 12×1.5 टेपर नट कुठेही मिळतो, फक्त होंडाचे स्वतःचे नट वापरायचे नाहीत. इनोव्हाची कंपनीची अलॉय कुणी दुसऱ्या 5×114.3 गाडीला लावत असेल तर वेगळीच गोष्ट: तिथे नटाला सपाट वॉशर आणि पुढे नळीसारखा दांडा असतो. तो दांडा व्हीलच्या भोकाच्या खोलीपेक्षा थोडा आखूडच हवा, नाहीतर तो हबवर टेकतो आणि व्हील सुटंच राहतं. या व्हीलला टेपर नट तर चालतच नाही.

स्टेपनी विसरू नका. ती स्विफ्टची लोखंडी डिस्कच आहे, टेपरची. बॉलचे नट तिला लावले की तीच बारीक रेघ. म्हणून मारुतीचे चार मूळ नट जाड पिशवीत घालून स्टेपनीच्या खड्ड्यातच ठेवलेत, वर "फक्त स्टेपनीसाठी" लिहून. पंक्चर काढणाऱ्यालाही तोंडी सांगावं लागतं, कारण तो सगळे नट एकाच टोपणात टाकतो.

आणि चोरीच्या धास्तीने लॉकनट (खास चावीनेच निघणारा नट) हवा असेल तर तोही 12×1.25 आर12 मध्येच शोधावा लागेल. मिळाला नाही तर चारही साधेच ठेवा. तीन बॉलचे आणि एक टेपरचा लॉकनट अशी जोडी लावली तर त्या एका स्टडचा दाब पहिल्यांदा उतरतो आणि त्याचा भार उरलेल्या तिघांवर जातो.