वर्गणीची वही

रविवार, १ मार्च २०२६

उपासनेनंतर आज आमच्या मेथडिस्ट चर्चची कमिटी बसली ती दीड वाजेपर्यंत. विषय छताचा. गेल्या पावसाळ्यात वेदीच्या डाव्या अंगाला गळती लागली, हार्मोनियम उचलून दुसरीकडे ठेवावी लागली, आणि त्या बाजूच्या बाकांवर कोणी बसेना. जूनच्या आत काम झालं नाही तर यंदा भिंतीचा गिलावाही उतरेल, असं ठेकेदार सांगून गेला आहे. कापणीच्या सणाच्या लिलावातले थोडे पैसे शिल्लक आहेत. बाकीचे मंडळीनेच, म्हणजे चर्चच्या सभासदांनीच, उभे करायचे.

खजिनदार म्हणून हिशेब मी वाचला. मासिक वर्गणी वाढली आहे, ही आनंदाचीच गोष्ट. दाराशी क्यूआर कोड लावल्यापासून तरुण मुलं न चुकता पैसे भरतात. पुण्याला बदलून गेलेलं एक कुटुंब तिथूनही पाठवतं. पण बैठकीआधी कपाटातून जुनी वर्गणीची वही काढून मी नावं ताडून पाहत होते. त्या वहीच्या समासात माझ्या आधीच्या खजिनदारांच्या अक्षरात बारीक नोंदी आहेत. ‘नवरा आजारी, पुढच्या महिन्यात बघू.’ ‘मुलीची दहावी, प्रार्थना हवी.’ एका नावापुढे तर, ‘या घरी वर्गणी मागू नये, भेट मात्र द्यावी.’ मोबाइलवर येणाऱ्या यादीत नाव, तारीख आणि रक्कम असते. ज्याला भरता आलं नाही, त्याचं नाव त्या यादीत येतच नाही.

मी कमिटीत मांडलं की छताची वर्गणी घरोघरी जाऊन मागावी. क्यूआर कोड राहू द्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण या वेळी दार वाजवू या. संध्याकाळी सातला मुंबईत घरी असतं कोण, असं एका काकांनी विचारलं, आणि ते खरंच आहे. शेवटी पास्टरसाहेब म्हणाले, “ताई, तुम्ही यादी करा. जिथे अडेल तिथे मी येतो.” यादी आता समोर घेऊन बसले आहे. जुन्या वहीतली काही कुटुंबं कुठे गेली, ते सांगणारं कोणी उरलेलं नाही.

सोमवार, २ मार्च

आज मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांचा स्मृतिदिन. १७९१ साली याच तारखेला, लंडनमध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी ते गेले. आमच्याकडे हा दिवस कोणी वेगळा पाळत नाही, पण मला तो दरवर्षी आठवतो, कारण रोजनिशी लिहिण्याचा नाद मला त्यांच्यामुळे लागला. त्यांच्या रोजनिशीत मोठे आध्यात्मिक प्रसंग आहेतच. २४ मे १७३८ची आल्डर्सगेट रस्त्यावरची, त्यांना तारणाची खात्री पटली ती संध्याकाळ कुठल्याही मेथडिस्ट मुलाला संडेस्कूलमध्ये पाठ असते. मला मात्र जानेवारी १७८५ची एक नोंद त्याहून जवळची वाटते. गरिबांना कपडे घ्यायला पैसे नव्हते, म्हणून ८१ वर्षांचा हा म्हातारा लंडनच्या रस्त्यांवर घोटाभर वितळलेल्या बर्फातून सकाळपासून संध्याकाळपर्यंत दारोदार फिरला आणि त्याने दोनशे पौंड जमवले. प्रवचनासाठी ज्याला हजारो लोक जमायचे, तो माणूस वर्गणी मागत हिंडत होता. त्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

रात्री १७४२ची गोष्ट पुन्हा वाचली. ब्रिस्टलमध्ये ‘न्यू रूम’ नावाची इमारत उभी राहिली होती. मेथडिस्टांची जगातली सर्वांत जुनी इमारत ती, आजही उभी आहे. तिच्यावर कर्ज होतं. फेब्रुवारीत सभासद जमले, आणि ठरलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची. कोणी तरी म्हणालं, पुष्कळांची तेवढीही ऐपत नाही. तेव्हा फॉय नावाचे एक कॅप्टन उभे राहिले. ते म्हणाले, सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे लावा. त्यांना जमलं तर ठीक, नाही तर त्यांचंही मी भरीन. दर आठवड्याला मी त्यांच्या घरी जाईन. तुम्हीही प्रत्येकी अकरा शेजारी वाटून घ्या.

मग ही माणसं पेनी गोळा करायला घरोघरी जाऊ लागली आणि घरात काय चाललं आहे ते त्यांना दिसू लागलं. कोण भांडतो, कोण पितो, कोणाच्या चुलीवर काही नाही. त्यांनी ते वेस्लींना येऊन सांगितलं, आणि इतके दिवस आपल्याला नेमकं हेच हवं होतं, हे वेस्लींच्या तिथल्या तिथे लक्षात आलं. बारा-बारा जणांचे क्लास तिथून सुरू झाले. मेथडिस्ट मंडळीचा कणा म्हणून ज्या क्लास मीटिंगचं नाव घेतात, ती एका इमारतीच्या कर्जातून जन्मली. कालची बैठक मनात ताजी असल्यामुळे असेल, पण आज हे वाचताना मी उठून येरझाऱ्या घालू लागले.

आणि मुंबईत तरी काय झालं? विल्यम टेलर हे अमेरिकन मेथडिस्ट उपदेशक १८७०च्या अखेरीस भारतात आले आणि १८७१च्या अखेरीस मुंबईत उपदेश करू लागले. सुरुवातीला ना इमारत होती ना मिशनचा पैसा. लोकांच्या घरांत छोटे गट जमायचे, एकमेकांना आपली हकिगत सांगायचे, प्रार्थना करायचे. १८७२मध्ये त्याच लोकांनी आमची रीतसर मंडळी करा म्हणून अर्ज दिला. परदेशी सोसायटीकडून पैसे घ्यायचे नाहीत, मंडळीने आपल्या पायावर उभं राहायचं, हा टेलरांचा आग्रह होता. त्यांना येऊन मिळाले जॉर्ज बोवेन. १८४८ साली हे अमेरिकन मुंबईत आले, मिशनचा पगार सोडून देशी वस्तीत साध्या खोलीत राहिले, रस्त्यावर मराठीत उपदेश करत आणि ‘बॉम्बे गार्डियन’ चालवत चाळीस वर्षं काढली, आणि परत न जाता १८८८मध्ये इथेच वारले. कुलाब्यात त्यांच्या नावाचं चर्च आहे. तरुण संघाच्या मुलांना मी नेहमी सांगते, रीगल सिनेमाकडे फिरायला जाता तेव्हा दोन मिनिटं तिथेही थांबा.

मंगळवार, ३ मार्च

कळव्याच्या चाळीत गेले. तीन घरं झाली.

पहिल्या घरी दोघंही कामावर, शेजारणीकडे निरोप ठेवला. दुसऱ्या घरी पाचशे रुपये मिळाले, चहा झाला, आणि निघताना त्या बाई हळूच म्हणाल्या, “मुलाची कंपनी बंद झाली आहे, कोणाला बोललो नाही.” दर महिन्याची त्यांची वर्गणी मोबाइलवर येतेच आहे. ती आईच्या पेन्शनमधून येते, हे कुठल्या यादीतून कळणार होतं?

तिसऱ्या घरी आजी. पुणतांब्याच्या मिशन कंपाउंडात लहानपण गेलेल्या. आता गुडघ्यांमुळे जिना उतरता येत नाही, त्यामुळे नाताळलाही उपासनेला आल्या नव्हत्या. मी वर्गणीचं नाव काढायच्या आत त्यांनी उशीखालून पाकीट काढलं. महिन्याच्या महिन्याला दहा-वीस रुपये त्यात टाकत होत्या. न्यायला कोणी येईल म्हणून वाट बघत होत्या. मग म्हणाल्या, “गीत म्हण एखादं.” ‘उपासना संगीत’ त्यांच्या उशाशीच होतं, पण त्यांना पुस्तक लागत नाही. चार कडव्यांनंतर मी अडखळले, त्या थांबल्या नाहीत. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घेऊन किती दिवस झाले, असं विचारलं तर बोटं मोजायला लागल्या आणि मध्येच सोडून दिलं. पास्टरसाहेबांना तिथूनच फोन लावला. ते गुरुवारी येतो म्हणाले.

बुधवार, ४ मार्च

उपवासकाळातली प्रार्थनासभा. आज माणसं बरी होती, पण प्रार्थनेआधी अर्धा तास गेला तो मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या एका मजकुरामुळे. ‘मेथडिस्ट चर्च फुटलं’ असं त्याचं शीर्षक. दोन मावश्या खरोखर घाबरल्या होत्या. आपलं चर्च जाणार का, आपला बाप्तिस्मा कुठला धरायचा?

पास्टरसाहेबांनी मला बोलायला सांगितलं, म्हणून जेवढं नीट माहीत आहे तेवढं सांगितलं. ती बातमी अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चची. समलिंगी व्यक्तींचा विवाह आणि त्यांना पाळकपदाची दीक्षा या प्रश्नावर तिथे अनेक वर्षं वाद होता. २०१९ ते २०२३ या काळात तिथल्या सात हजारांहून जास्त मंडळ्या बाहेर पडल्या. त्यांतल्या पुष्कळ १ मे २०२२ रोजी सुरू झालेल्या ग्लोबल मेथडिस्ट चर्चकडे गेल्या. कोविडमुळे पुढे ढकललेली युनायटेड मेथडिस्टांची जनरल कॉन्फरन्स, म्हणजे सर्वोच्च सभा, २०२४च्या एप्रिल-मेमध्ये शार्लट शहरात भरली आणि त्या संदर्भातल्या बंदीच्या जुन्या तरतुदी तिथे काढून टाकल्या. आपण त्या रचनेत नाही. मेथडिस्ट चर्च इन इंडिया १९८१पासून स्वायत्त आहे. आपले बिशप आपली जनरल कॉन्फरन्स निवडते, आपले नियम आपण करतो. १९७०मध्ये नागपूरला अनेक चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हाही आपण त्या ऐक्यात न जाता वेगळे राहिलो. तिकडचं मतदान इथे लागू होत नाही.

एवढ्याने सभेला धीर आला. मला मात्र तिथे थांबावंसं वाटलं नाही, म्हणून पुढचंही बोलले. तिकडच्या एखाद्या गावातलं एकच चर्च, तिथे मतदान होतं, आणि पुढच्या रविवारी अर्धे शेजारी दुसरीकडे जातात. त्यांच्या आजी-आजोबांच्या कबरी मात्र त्याच आवारात राहतात. त्या गावांसाठी आपण आज प्रार्थना करू या, कोण बरोबर हे आधी न ठरवता. आणि आपल्या मंडळीतही समलिंगी मुलं-मुली आहेत, त्यांचे आईबाप आहेत. ते गप्प बसतात, कारण बोलायला जागा नाही. शंभर माणसांच्या सभेत हे कोणी बोलणार नाही. दहा-बारा जणांत, ओळखीच्या घरात, दर आठवड्याला भेटणाऱ्या माणसांपुढे कदाचित बोलतील.

सभेत कोणी काही बोललं नाही. नंतर चपला घालताना एका गृहस्थांनी माझ्या हाताला हात लावला आणि “तो क्लास कधी सुरू करता?” एवढंच विचारलं.

शुक्रवार, ६ मार्च

जागतिक प्रार्थना दिन. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी हा दिवस येतो आणि दरवर्षी एका देशातल्या स्त्रिया उपासनेचा मसुदा तयार करतात. यंदा नायजेरियाच्या बहिणींनी केला. आधार बायबलातल्या मत्तयाच्या अकराव्या अध्यायाचा, कष्टी व भाराक्रांत जनांना प्रभूने दिलेल्या बोलावण्याचा. महिला मंडळाच्या बायकांनी उपासना पूर्णपणे चालवली. इतर मंडळ्यांच्या बायकाही आल्या होत्या, कॅथलिक बहिणीसुद्धा. ओझं या शब्दापाशी आल्यावर आमच्या एका सुनेला वाचता येईना. तिच्या शेजारणीने पान हातात घेऊन पुढचं वाचलं. रोज पहाटे चारला उठून डबे करून लोकल पकडणाऱ्या बायकांना हा उतारा समजावून सांगावा लागत नाही.

चहाच्या वेळी मी मिनी एब्रॅम्सची गोष्ट सांगितली, कारण महिला मंडळातल्या नव्या मुलींना ती ठाऊक नव्हती. १८८७ साली ही मेथडिस्ट बाई मुंबईत आली. मराठी शिकली. १८९८मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये गेली. १९०५चं तिथलं संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, सर्वांना माहीत आहे: मुलींचे गट करून प्रार्थना, मग त्या मुली गावोगाव. त्याबद्दल एब्रॅम्सबाईंनी एक पुस्तिका लिहिली आणि चिलीमधल्या वालपराइसो शहरात आपल्या जुन्या मैत्रिणीला पाठवली. मैत्रिणीचे पती तिथे मेथडिस्ट पाळक होते. ती वाचून तिथली मंडळी प्रार्थनेला बसली, आणि १९०९मध्ये तिथे जी जागृती झाली त्यातून त्या देशातली पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारी) चळवळ उभी राहिली. दौंडजवळच्या एका गावात दुष्काळातून वाचलेल्या, टाकलेल्या, विधवा मुली गुडघे टेकून बसल्या होत्या, आणि त्यांची हकिगत पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत पोचली. आमच्या बायका अजून म्हणतात, “आम्ही काय करणार, आम्ही फक्त प्रार्थना करतो.” आज मी त्यांना तसं म्हणू दिलं नाही.

शनिवार, ७ मार्च

पास्टरसाहेब परवा आजींकडे जाऊन प्रभुभोजन देऊन आले. त्यांच्या बदलीची कुजबुज कमिटीत आहेच. कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आमच्या विभागाच्या वार्षिक सभेत, बिशप नेमणुका वाचतील तेव्हा कळेल. मेथडिस्ट पाळक एका जागी राहत नाही, ही रीत वेस्लींपासूनची, आणि मला ती मान्य आहे. पण म्हणूनच घरांची ओळख पाळकाच्या डोक्यात ठेवून चालत नाही. साहेब गेले की ती ओळखही ट्रकमध्ये सामानाबरोबर जाते, आणि नवे साहेब पहिल्यापासून सुरुवात करतात. ती मंडळीच्या हातात राहायला हवी.

छताच्या पैशांचं म्हणाल तर अजून बरेच कमी आहेत. ठेकेदाराला दोन हप्त्यांत घ्यायला तयार केलं आहे.

चार क्लास करायचे ठरले: कळवा, दिवा, चर्चच्या आसपासची घरं, आणि चौथा रात्रपाळी करणाऱ्यांचा. यादी करताना नव्या वहीत समास रुंद आखून घेतला. पैसे क्यूआर कोडवरच जमा होतील, ही वही नुसती भेटींची. कळव्याचा पहिला क्लास मंगळवारी आजींच्या खोलीत, म्हणजे त्यांना जिना उतरावा लागणार नाही. चाळीतली नर्स मुलगी आठला सुटते, घरी येऊन दोन तास झोपते, म्हणून वेळ सकाळी अकराची ठेवली आहे. खुर्च्या शेजारची मुस्लिम ताई देणार आहे.