तुम्ही विचारलंत म्हणून: आमदाराला फोन करून काय होतं?

गणपतीत विचारतात, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विचारतात, साताऱ्याहून आत्याचा फोन आला की तीही विचारते, "तू ते बंदुकांच्या कायद्यांच्या बिलांचं काय करत असतेस? आमदाराला फोन करून काय होतं गं?" आत्याच्या आवाजात काळजी असते, इथल्या मैत्रिणींच्या आवाजात थकवा. आजवर दोघींनाही मी घाईघाईत, हातात तिळगुळाचा डबा धरून उत्तर दिलंय. आज बसून सांगते.

मी अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या लाउडन काउंटीत राहते. २००६ साली लग्न होऊन आले आणि पुढच्याच वर्षी १६ एप्रिलला व्हर्जिनिया टेकमध्ये एका विद्यार्थ्याने ३२ जणांना गोळ्या घालून मारलं. त्यांत मुंबईहून आर्किटेक्चर शिकायला आलेली एक मुलगी होती आणि मूळचे तमिळनाडूचे एक प्राध्यापक होते. ते गाव आमच्यापासून चार तासांवर. तरी आठवडाभर घरचे फोन थांबेनात. तेव्हा मी नुसती घाबरले होते. हादरले ती नंतर, तपशील बाहेर आल्यावर. त्या मुलापासून त्याच्या स्वतःच्या जिवाला धोका आहे, असं एका कोर्टाने डिसेंबर २००५ मध्येच ठरवलं होतं आणि त्याला बाहेरून उपचार घ्यायला सांगितलं होतं. केंद्रीय कायद्याप्रमाणे अशा माणसाला बंदूक विकता येत नाही. पण बंदूक विकण्याआधी दुकानदार ज्या यादीत नाव तपासतो, त्या यादीत व्हर्जिनिया राज्य फक्त रुग्णालयात दाखल करायला लावलेल्यांची नावं पाठवत असे, बाहेरून उपचार घेणाऱ्यांची नाही. त्यामुळे दुकानात त्याचं नाव तपासलं तेव्हा यादीत काहीच नव्हतं. त्याने रीतसर दोन पिस्तुलं विकत घेतली. घटनेनंतर दोन आठवड्यांनी, ३० एप्रिलला, गव्हर्नर, म्हणजे राज्याचे निवडून आलेले प्रमुख, टिम केन यांनी आदेश काढून ती नावंही यादीत घालायला लावली. जे आधी करता आलं असतं, ते एका कागदाने झालं. तो कागद माझ्या डोक्यातून आजही जात नाही.

आत्याला हे समजावणं अवघड जातं, कारण तिच्या नजरेसमोर वेगळी बंदूक आहे. माझ्या मामांकडे परवान्याची बारा बोअरची होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. इथे बंदूक बाळगणं हा राज्यघटनेने दिलेला हक्क आहे आणि तो मनापासून जपणारी माणसं माझ्याच गल्लीत राहतात. पलीकडचे आजोबा हिवाळ्यात हरणाच्या शिकारीला जातात, त्यांची रायफल कायम तिजोरीत असते. मला त्यांच्याशी भांडायचं नाही. बंदूक नको त्याच्या हाती पडू नये, एवढ्यापुरतंच माझं काम आहे.

आता फोनचं. मी पहिला फोन केला तेव्हा आमदाराच्या कार्यालयातला मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, ते बिल काल सकाळीच संपलं." कुठे संपलं? बातम्यांत तर काहीच नव्हतं. मतदान झालं, भाषणं झाली, असं काही मी ऐकलं नव्हतं. मग शोधत गेले आणि कळलं की इथली बिलं सभागृहात क्वचितच मरतात, ती त्याच्या कितीतरी आधी, एखाद्या छोट्या खोलीत मरतात. रिचमंड ही राज्याची राजधानी. तिथल्या विधिमंडळात दोन सभागृहं: हाउस ऑफ डेलिगेट्सचे १०० सदस्य आणि सेनेटचे ४०. अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतं, सम वर्षी ६० दिवस चालतं, विषम वर्षी साधारण ४६. तेवढ्यात हजारांनी बिलं. म्हणून प्रत्येक बिल समितीकडे जातं, बऱ्याचदा तिथून आणखी छोट्या उपसमितीकडे. तिथे मोजके सदस्य असतात, सकाळची वेळ असते आणि एका बिलाला काही मिनिटं मिळतात. त्यातून जे वाचेल तेच पुढे. त्या मरणाला इथे सौम्य नावं आहेत. 'पास्ड बाय इंडेफिनिटली' म्हणजे बेमुदत बाजूला ठेवलं. 'लेफ्ट इन कमिटी' म्हणजे कोणी हातच लावला नाही आणि वेळ निघून गेली. मध्यावर 'क्रॉसओव्हर'चा दिवस येतो. तोवर आपल्या सभागृहात जे मंजूर झालं नाही, त्याचं त्या वर्षापुरतं तरी संपलं.

म्हणून माझ्याकडे वही आहे. डाव्या पानावर बिलाचा क्रमांक, आणणाऱ्या सदस्याचं नाव, एका ओळीत मराठीत विषय. उजव्या पानावर तारखा: कुठल्या समितीकडे गेलं, कधी सुनावणी, काय मत पडलं. विधिमंडळाच्या माहिती यंत्रणेवर हे सगळं कोणालाही फुकट बघता येतं. रोज रात्री भांडी आवरली की पंधरा मिनिटं मी तेवढंच बघते. फोन करणं त्यामानाने सोपं, तारीख पकडणं हेच खरं काम. सुनावणीच्या आधी दोन दिवस केलेला फोन आणि नंतर दोन दिवसांनी केलेला फोन यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

२०१९ चा उन्हाळा सांगते. ३१ मे रोजी व्हर्जिनिया बीचच्या महापालिकेच्या इमारतीत तिथल्याच एका कर्मचाऱ्याने १२ जणांना मारलं. गव्हर्नर राल्फ नॉर्दम यांनी ९ जुलैला खास अधिवेशन बोलावलं. मी आणि शेजारीण पहाटे निघून रिचमंडला गेलो. दिवस मोठा जाईल म्हणून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. डबा उघडायच्या आत अधिवेशन संपलं. दीड तास. एकाही बिलावर चर्चा न होता कामकाज थेट नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतरवर ढकललं. परतताना गाडीत आम्ही एक शब्द बोललो नाही. त्या निवडणुकीत दोन्ही सभागृहांतलं बहुमत डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलं आणि २०२० मध्ये खूप काही मंजूर झालं. बंदुकीच्या प्रत्येक विक्रीला पार्श्वभूमी तपासणी आली. हरवलेली किंवा चोरीला गेलेली बंदूक ४८ तासांत कळवणं बंधनकारक झालं. आणि मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो कायदा: एखादा माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील अशी ठोस भीती असेल, तर पोलीस किंवा सरकारी वकिलाच्या अर्जावर त्याच्या बंदुका काही काळ काढून घेता येतात. आधी १४ दिवस, मग सुनावणी होऊन १८० दिवसांपर्यंत.

हा कायदा मला मोलाचा का वाटतो, ते आपल्या लोकांना मुद्दाम सांगायला हवं. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. बातम्यांत शाळा दिसतात, मॉल दिसतात, पण एखाद्या घरातली बंद खोली दिसत नाही. मंडळात मी हे बोलले की क्षणभर शांतता पसरते आणि मग कोणीतरी चहाचं विचारतं. पण सोन्याच्या चोऱ्यांच्या भीतीने माझ्याच ओळखीतल्या दोन घरांत पिस्तूल आलंय. दोन्ही घरांत कॉलेजला जाणारी मुलं आहेत. मी दोन्हीकडे विचारलं, "कुलपात आहे ना?" एकीने हो म्हटलं. दुसरी म्हणाली, "कपाटात वर, साड्यांच्या मागे." तिला मी सांगितलं तेच इथे सांगते. २०२३ पासून व्हर्जिनियात बंदूक ठेवायची तिजोरी किंवा कुलपाची पेटी विकत घेतली तर ३०० डॉलरपर्यंत करसवलत मिळते. दोन्ही पक्षांच्या हाताने झालेला कायदा आहे तो. तिजोरी घ्या, आजच घ्या.

पण २०२० मधलंच एक बिल मी विसरत नाही. एच. बी. ९६१, लष्करी धाटणीच्या रायफलींची विक्री बंद करणारं. हाउसमध्ये मंजूर झालं आणि सेनेटच्या न्याय समितीत १७ फेब्रुवारीला १० विरुद्ध ५ मतांनी पुढच्या वर्षावर टाकलं गेलं. ज्या पक्षाने ते आणलं, त्याच्याच चार सेनेटरांनी बाजूला ठेवायच्या बाजूने मत दिलं. त्याच्या महिनाभर आधी, २० जानेवारीला, बंदुकीच्या हक्कांसाठी सुमारे २२ हजार लोक रिचमंडमध्ये जमले होते. ते बसगाड्या करून आले, थंडीत उभे राहिले, दिवसभर कोणाला काही इजा झाली नाही. कित्येक जण आपापल्या आमदाराच्या कार्यालयात जाऊन समोर बोलून आले. मला त्यांचं म्हणणं पटत नाही, पण त्यांची चिकाटी मी बघितली. त्यांना तारखा पाठ असतात. आम्ही निवडणूक जिंकलो म्हणून निश्चिंत होऊन घरी बसलो होतो.

आता तुमच्यातलेच काही जण म्हणताहेत, "नोव्हेंबर २०२५ ला हाउसमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला ६४-३६ बहुमत आलं, गव्हर्नर बदलल्या, सेनेटच्या अध्यक्षपदासाठी हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी निवडून आल्या. आता कशाला फोन?" या प्रश्नाला माझं उत्तर म्हणजे एच. बी. ९६१. बहुमत असूनही समितीतली दोन-चार मतं हलू शकतात, आणि जी हलतात ती बहुतेक घासून निवडून आलेल्यांची. आणि झालेला कायदाही कायमचा असतोच असं नाही. व्हर्जिनियातून विकत घेतलेल्या बंदुका हायवे ९५ ने न्यूयॉर्कच्या गुन्ह्यांत पोहोचायच्या, म्हणून १९९३ मध्ये इथे महिन्याला एकच पिस्तूल घेता येईल असा कायदा झाला. २०१२ मध्ये तो रद्द झाला. २०२० मध्ये परत आणावा लागला. २०२४ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेल्या बंदुकींच्या ३० बिलांवर गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी २६ मार्चला एका दिवसात नकाराधिकार वापरला. माझ्या वहीची तीन पानं त्या दिवशी लाल झाली. घरात लहान मूल असेल तर बंदूक कुलपात ठेवा, एवढंच सांगणारं बिलही त्यात होतं.

मग करायचं काय, तर हे. आधी तुमचा डेलिगेट कोण आणि सेनेटर कोण ते शोधा. घराचा पत्ता टाकला की नावं मिळतात. वॉशिंग्टनचे वेगळे, रिचमंडचे वेगळे. ही गल्लत फार होते आणि राज्याच्या बिलासाठी खासदाराला केलेला फोन वाया जातो. फोन लागला की नाव सांगा आणि लगेच पत्ता सांगा, कारण तुम्ही त्यांच्या मतदारसंघात राहता की नाही हेच ते आधी बघतात. मग बिलाचा क्रमांक, तुम्हाला हो हवंय की नाही, आणि कारण एका वाक्यात. माझं वाक्य असतं, "माझा मुलगा पहिलीत असताना, शाळेत गोळीबार झाला तर काय करायचं याच्या सरावात बाईंनी सांगितलं म्हणून कोपऱ्यात, दिवा बंद करून, तोंडावर हात ठेवून बसायला शिकला." तुमचं तुमच्या घरातलं असू दे. दुसऱ्याने लिहून दिलेलं वाचू नका, फोन उचलणाऱ्याला ते लगेच कळतं. अधिवेशनात या कार्यालयांत एक-दोन माणसंच असतात, ती क्रमांकासमोर हो आणि नाही यांच्या रेघा मारत असतात. वाद घालू नका, आभार माना, ठेवा. एक मिनिटही लागत नाही. फोनची भीती वाटत असेल तर हाउसच्या समित्यांना लेखी म्हणणं पाठवता येतं, घरबसल्या व्हिडिओवरून बोलताही येतं.

इंग्रजीच्या उच्चारांची लाज वाटते असं एक मावशी म्हणाल्या होत्या. मावशी, मी दहा वर्षांपूर्वी 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकसारखेच बोलायचे, आजही बोलते. कोणी कधी अडवलं नाही.

आणि ग्रीन कार्डवाले, व्हिसावाले, ज्यांना मत देता येत नाही, त्यांच्यासाठी. फोन करता येतो. आमदार त्या मतदारसंघात राहणाऱ्या सगळ्यांचा असतो आणि तुमची मुलं त्याच शाळेत जातात. मी स्वतः सुरुवातीची कित्येक वर्षं नागरिक नसल्याच्या सबबीवर गप्प बसले. कोणीतरी मला हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण जे नागरिक आहेत आणि तरीही गप्प आहेत, त्यांच्याकडे माझा जास्त आग्रह आहे. तुमच्या पत्त्यामागे मत असतं, ते फोन उचलणाऱ्याला माहीत असतं.

माझ्या एका फोनने अमुक कायदा झाला असं मी कधीच म्हणू शकणार नाही, आणि आत्या नेमकं तेच विचारते. पण एकदा एका सुनावणीआधी आमच्या गल्लीतून नऊ घरांनी एकाच बिलासाठी फोन केले. मी सर्वांत शेवटी केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "तुमच्या रस्त्यावरून आज बरेच फोन आलेत. सर सकाळीच विचारत होते, हे बिल नक्की काय आहे." ते बिल त्यांनी तोवर वाचलं नव्हतं. त्या दिवशी वाचलं.

अधिवेशन दरवर्षी जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतं. तेव्हा नेमके संक्रांतीचे दिवस असतात. हळदीकुंकवाला मी वही घेऊन येणार आहे. तुमचा डेलिगेट कोण हे सापडत नसेल, तर पत्ता सांगा, तिथेच शोधून देते.