पॅन म्हणजे तवा नव्हे

वहीच्या मागच्या पानावर इंग्रजी वाक्प्रचारांची यादी असायची. तीत ‘फ्लॅश इन द पॅन’पुढे ‘क्षणिक यश’ लिहून आपण सगळे मोकळे होत असू. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने त्या एका ओळीची ही दुरुस्ती.

हा पॅन चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या, जुन्या बंदुकीचा. नळीच्या बुडाशी, बाहेरच्या अंगाला एक छोटी वाटी. तिच्यात चिमूटभर दारू, म्हणजे रंजक. वाटीतून नळीत जाणारे बारीक भोक म्हणजे कान. तोफ निकामी करायला खिळा ठोकत तो तिच्या अशाच कानात. चाप ओढला की घोड्याच्या, म्हणजे चापाने सुटणाऱ्या हातोडीच्या, जबड्यातली गारगोटी पोलादी पत्र्यावर आदळते, पत्रा उलटून वाटी उघडी पडते आणि खरवडलेल्या पोलादाचे तापलेले कण रंजकात पडतात. जाळ कानातून आत शिरतो, मुख्य दारू पेटते. ब्रिटिशांच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीत ही दारू साधारण १० ग्रॅम, शिशाची गोळी ३० ग्रॅमच्या थोडी वर.

बिघडते ते बहुधा कानापाशी. काळी दारू जळली की निम्म्याहून अधिक वजनाची काजळी मागे उरते. काही बारांतच भोक बुजते. मग रंजक भक्कन पेटते, धूर होतो, गोळी मात्र नळीतच. आतली दारू दमट असली, किंवा घाईत दारूआधी गोळीच ठासली, तरी तेच. वाटी काठोकाठ भरणेही वाईट: कान दारूने झाकला तर जाळ आत झेपावत नाही, वातीसारखा सरकत जातो आणि बार उशिरा उडतो. म्हणून रंजक बेताचेच घालायचे. कान साफ करायची सुई आणि कुंचली शिपायाच्या पट्ट्याला लटकलेली असे. भडका होऊन बार झाला नाही, तर नळी समोर धरून थांबायचे, डोकावायचे नाही.

म्हणजे मुळात यश क्षणभरही नाही, नुसता जाळ. आपला ‘फुसका बार’ अगदी जवळचा. पुढे इंग्रजीतच अर्थ सरकला आणि एकदाच चमकून विझणाऱ्यालाही तसे म्हणू लागले. तेव्हा यादीतला अर्थ चूक नाही, अपुरा आहे.

कॅलिफोर्नियात सोने शोधणाऱ्यांच्या परातीत चमकून जाणाऱ्या कणांवरून हा शब्दप्रयोग आला, असेही सांगतात. गोष्ट झकास आहे. पण ती धावपळ १८४८-४९ची, आणि एल्काना सेटल या इंग्रज नाटककाराने ड्रायडन या कवीला टोला हाणताना तोफांच्या पॅनमधला भडका १६८७ मध्येच वापरला होता.