पटल एका रात्रीत झालं, धुवायला अकरा दिवस लागले

अकरातले आठ दिवस वाया गेले, आणि त्याचा राग अजून शमलेला नाही. म्हणून लिहिते आहे.

मला थिओफिलिन ओळखणारं पॉलिमरचं पटल, म्हणजे पातळ पापुद्रा, हवं होतं. दम्यावरचं हे औषध रक्तात मिलिलिटरमागे साधारण १० ते २० मायक्रोग्रॅमच असावं लागतं, त्यापुढे ते बाधतं. कॅफीनचा रेणू याचा जुळा भाऊच, फरक फक्त एका मिथाइल गटाचा. तरीही हा फरक ओळखणारं पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंचा पदार्थ, रसायनशास्त्रज्ञ क्लाउस मोसबाख यांच्या गटाने १९९३ मध्येच 'नेचर'मध्ये मांडलं होतं. पॉलिमर बनवतानाच मिश्रणात थिओफिलिन साचा म्हणून घालायचं. पॉलिमरचा कच्चा माल असलेलं मेथॅक्रिलिक आम्ल त्याला हायड्रोजन बंधांनी, म्हणजे रेणूंमधल्या सैल ओढीने, धरतं, साखळ्यांना आडवे दुवे जोडले की ती ठेवण पक्की होते. मग थिओफिलिन धुऊन काढायचं, म्हणजे त्याच्याच मापाची जागा उरते.

पटल छान जमलं. धुलाईला नऊ भाग मिथेनॉल आणि एक भाग अॅसिटिक आम्ल घेऊन सॉक्सलेट लावला, म्हणजे खाली द्रावक उकळवून त्याची थंड झालेली वाफ पुन्हापुन्हा पटलावर टपकवणारं काचेचं उपकरण. नळी भरायची, गटकन रिकामी व्हायची, दिवसरात्र तेच. रोज सकाळी पटलाचा तुकडा कोऱ्या द्रावकात बुडवून २७१ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाचं शोषण बघायचे, आणि आलेखात थिओफिलिनचा तोच उंचवटा! कोऱ्या द्रावकात जे मी घातलंच नव्हतं ते पटलातून झिरपत होतं. अशा पटलावर मोजणी करून काय उपयोग? मी धुण्याचे तास वाढवत गेले.

आठव्या दिवशी वरून टपकणारे थेंब बघत बसले होते, तेव्हा डोक्यात आलं. मिथेनॉल ६५ अंशांना उकळतं, अॅसिटिक आम्ल ११८ ला. म्हणजे वर जाऊन पटलावर पडत होतं ते जवळजवळ नुसतं मिथेनॉल, आणि बंध तोडणारं आम्ल खाली फ्लास्कमध्येच! कृतीत 'सॉक्सलेट करा' एवढंच लिहिलेलं असतं, हे कुणी सांगत नाही.

सॉक्सलेट काढला. पटल त्याच मिश्रणात बुडवून शेकरवर ठेवलं, दर चार तासांनी मिश्रण बदललं. तीन दिवसांत उंचवटा गेला. शेवटी निव्वळ मिथेनॉलने नक्की धुवा, नाहीतर आम्लच त्या जागा अडवून बसतं.

हो, सुरुवातीचं एक राहिलं: पॉलिमर बनवायच्या मिश्रणातून नायट्रोजन सोडा, ऑक्सिजन राहिला तर पॉलिमर नीट धरत नाही. आणि साच्याशिवायचं, म्हणजे थिओफिलिन न घालता केलेलं, कोरं पटल सोबत बनवाच. नाहीतर रेणू ओळखून धरला की नुसता चिकटला, हे कळणार कसं? चाचणी आधी क्लोरोफॉर्ममध्ये घ्या, पाण्यात हायड्रोजन बंध ढिले पडतात.

बाराव्या दिवशी दोन्ही पटलं थिओफिलिनच्या द्रावणात ठेवली. कोऱ्याने थोडंसंच घेतलं, साच्याच्या पटलाने कितीतरी जास्त. कॅफीनच्या द्रावणात मात्र दोन्ही जवळजवळ सारखीच होती. तो आलेख मी वहीत चिकटवून ठेवला आहे.