मोडी लॉग, महिना आठवा: लालबागचे काका आणि साडेसात रुपये

मोडी लिपी शिकायला लागून आठ महिने झाले. मागच्या वेळी लिहिलं तेव्हा मुळाक्षरं आणि बाराखडी पाठ झाली होती, आणि पेशवेकालीन सुबक हातातलं एक पान मी साधारण दीड तासात काढत होते. त्यानंतर तीन महिने काहीच पुढे सरकलं नाही. ओळखीच्या वळणाचा कागद आला की सरसर वाचायचे, लिहिणारा बदलला की परत शून्यापासून. आता गाडी सुटलीय, आणि ती का सुटली ते सांगायचं तर एका माणसाबद्दल सांगावं लागेल, त्यामुळे या वेळचा लॉग अर्धा मोडीचा आणि अर्धा त्यांचा.

काकांची आणि माझी गाठ पडली शिवडीच्या किल्ल्यावर. जानेवारीतला रविवार होता, बाकी सगळे खालच्या चिखलातले फ्लेमिंगो बघायला आलेले आणि हे एकटे तटाला हात लावून दगड बघत उभे. मी सहज विचारलं तर म्हणाले हा १६८० चा, माझगावचा पण तेव्हाचाच, पण तो आता शोधायला गेलीस तर बाग मिळेल. तिथून बोलणं मोडीवर आलं, त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली, त्यात मोडीत स्वतःचं नाव आणि पत्ता लिहिलेला, अक्षर सुंदर. वय पासष्टच्या पुढे, पोस्टात सॉर्टिंगला होते, आता रिटायर, राहायला लालबागला चाळीत. नंबर घेतला. मी भांडुपला, ऑफिस लोअर परळला, म्हणजे तसं जवळच, पण पुढचे दोन-अडीच महिने आम्ही भेटलोच नाही. रोज सकाळी साडेसहाला त्यांचा एक फोटो यायचा, जुन्या कागदातला एकच शब्द कापून घेतलेला, आणि खाली 'हे काय?' एवढंच. मी लोकलमध्ये दादर येईपर्यंत उत्तर पाठवायचं. चुकलं तर ते बरोबर उत्तर सांगायचे नाहीत, त्याच माणसाच्या हातचा दुसरा शब्द पाठवायचे. मला आधी राग यायचा खरं तर, सांगून टाका ना, पण हळूहळू कळलं ते काय करतायत. एकाच माणसाचे दहा शब्द बघितले की त्याचा 'र' कसा लवतो, 'ला'चा काना तो कुठून वळवतो हे डोळ्यात बसतं, आणि मग अकरावा शब्द अडत नाही.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा ठरवून भेटलो, जीपीओसमोर, म्हणजे मुंबईच्या मुख्य पोस्टासमोर. ती बिल्डिंग १९१३ ची, वास्तुकार जॉन बेगची, घुमट विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर, हे मला वाचून माहिती होतं. पण काका मला आधी आत घेऊनच गेले नाहीत, मागे सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात नेलं. तिथे फोर्ट जॉर्जचा उरलेला तुकडा आहे, राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं ऑफिस आहे तिथेच. किल्ला १७६९ चा, तिसऱ्या जॉर्जच्या नावाचा, त्याआधी त्या जागेवर डोंगरीचा किल्ला होता. १८६० च्या दशकात फोर्टचे तट पाडले तेव्हा तीन दरवाजे गेले, अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट. दोन नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत, तिसरं बझारगेट स्ट्रीट म्हणून पोस्टाच्या समोरच उरलंय. काका म्हणाले, "नोकरीला लागलो तेव्हा माहीतच नव्हतं गं, की रोज डबा खायला बसतो त्याच्या मागे किल्ल्याची भिंत आहे. एका म्हाताऱ्या पोस्टमनने दाखवली, तेव्हापासून हे वेड."

मग बोरा बाजारात चहा पिताना त्यांनी सॉर्टिंगचं काम सांगितलं, आणि माझ्यासाठी तो दिवस तिथेच फिरला. सॉर्टर पत्ता वाचत नाही, ओळखतो. हातात गठ्ठा, समोर खण, आणि प्रत्येक पत्राला जेमतेम एखादा सेकंद. अक्षर कसंही असो, आधी गाव, मग तालुका, मग जिल्हा, आणि गाव लागत नसेल तर तालुक्यावरून गाव. "तू अक्षर जोडत बसतेस म्हणून अडकतेस. आधी कागदावर काय असायलाच पाहिजे ते ठरव, मग ते तिथे आहे का बघ." मला आठ महिन्यांत मिळालेलं सगळ्यात उपयोगी वाक्य हेच.

नवीन शिकणाऱ्यांसाठी हे जरा उलगडून सांगते, कारण मोडीत हे फार लागू पडतं. मोडी लिहिणारा आधी पानभर शिरोरेघ मारतो आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जातो, शब्द कुठे संपला ते दिसत नाही, विरामचिन्ह नाही, इ-ई आणि उ-ऊ यात फरक कोणी करत नाही. म्हणजे डावीकडून एकेक अक्षर सोडवत गेलात तर एका ओळीचे चार अर्थ निघतात. पण कागदाचा साचा ठरलेला असतो. घरगुती पत्र असेल तर वर 'श्री', मग मायना, वडीलधाऱ्याला तीर्थस्वरूप, धाकट्याला चिरंजीव, परक्याला राजमान्य राजश्री, मग साष्टांग नमस्कार विनंती विशेष, मग येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे, आणि शेवटी लोभ असावा ही विनंती. हे सगळं अक्षर न लावता ओळखायचं. म्हणजे पानाचा चांगला मोठा भाग मोकळा होतो, वर त्या माणसाची वीस-पंचवीस अक्षरं फुकटात मिळतात, आणि ती घेऊन मधल्या खऱ्या मजकुरात शिरायचं.

सरकारी कागदात हेच काम तारीख करते. पेशवाईतल्या कागदांवर अरबी आकड्यांत सन असतो, एकक आधी, मग दशक, मग शंभर, मग हजार. 'तिसा सलासीन मया व अलफ' म्हणजे नऊ, तीस, शंभर आणि हजार, ११३९. हा सुहूर सन मृगापासून सुरू होतो, म्हणून इंग्रजी वर्ष काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती मे १७३९ मध्ये, मृग लागायच्या आधी, म्हणून ती ११३९ मध्येच पडते. मी हे आधी कायम एका वर्षाने चुकायचे. काकांनी वसईचंच उदाहरण देऊन डोक्यात बसवलं, आता विसरणं शक्य नाही.

आता मुख्य गोष्ट. मे महिन्यात काकांनी घरी बोलावलं. दोन खोल्या, काकूंनी घावणे केले होते, आणि खाणं झाल्यावर काकांनी कपाटावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत फडक्यात बांधलेले कागद. म्हणाले हे पणजोबांचे, गुहागरकडच्या घराच्या माळ्यावर सापडले, चाळीस वर्षं माझ्याकडे आहेत, कोणाला दाखवले नाहीत. मी विचारलं तुम्ही वाचले असतील ना, तर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "दुसऱ्याचं पत्र पटकन ओळखता येतं. हे हातात घेतलं की मला काही दिसतच नाही." मला काय बोलावं ते सुचलं नाही. काकूंनी पंखा बंद केला, कागद उडू नये म्हणून, आणि आम्ही खिडकीशी बसलो.

सगळ्यात वरचं पत्र घेतलं. बोरूचं नाही, टाकाचं, शाई तपकिरी झालेली, घडीवर फाटलेलं. मायना लगेच लागला, तीर्थस्वरूप, म्हणजे थोरल्या भावाला. तारखेत शके १८१८ आणि पुढे एक शब्द, मी द-र-म-ख असं काढलं आणि दोघं एकदमच म्हणालो, दुर्मुख. संवत्सराचं नाव! हे तपासून बघायला फार चांगलं साधन आहे, साठ नावांचं चक्र असतं, शक बरोबर वाचला असेल तर नाव जुळलंच पाहिजे, आणि १८१८ ला दुर्मुखच येतं. पुढे पौष वद्य ५. इथे आणखी एक खाच आहे, शकात ७८ मिळवले की १८९६ येतं, पण पौष उलटत आलाय म्हणजे इंग्रजी वर्ष बदललेलं, तिथे ७९ मिळवायचे. जानेवारी १८९७. संक्रांत होऊन दहा-बारा दिवस झालेले.

तारीख लागली आणि काका खुर्चीत सरळ बसले. मुंबईत जानेवारी १८९७ म्हणजे प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रोगी ओळखले, हिवाळ्यात लोक हजारोंनी शहर सोडून गेले, हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस तयार करून १० जानेवारीला स्वतःला टोचून घेतली. साथरोगांचा कायदा आला ४ फेब्रुवारीला. हे पत्र या दोन तारखांच्या मधलं. आणि आता कागदावर काय असायलाच पाहिजे ते आम्हाला ठाऊक होतं, 'गाठीचा ताप' दुसऱ्याच ओळीत मिळाला. पुढे गिरणीत माणूस राहिला नाही, खोलीतले तिघे गावी गेले, मी ठीक आहे, काळजी नसावी. तिळगूळ पाठवता आला नाही.

मग मी एका जागी अडकले. आकडा ७, त्याच्यापुढे दोन उभ्या रेघा, आणि मग मी वाचलं 'मनी आदर केले'. त्या हातात ड आणि द सारखेच पडलेत. मला वाटलं वाक्य संपलं, पूर्णविरामाचा दंड दिलाय, आणि पुढे मनात आदर वगैरे काहीतरी भावाबद्दल. तीन-चारदा वाचलं. काकांनी चष्मा वर केला, कागद हातभर लांब धरला, अक्षराजवळ गेलेच नाहीत ते, आणि हळूच म्हणाले, "मनीऑर्डर."

मोडीत विरामचिन्ह नसतं हे मी वर एवढं लिहिलंय, मग दंड कुठून येणार. त्या दोन रेघा म्हणजे अर्धा. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण, हिशेबाच्या कागदात पावलोपावली दिसतं. साडेसात रुपये, मनीऑर्डर केले. आपल्याकडे टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली १८८० मध्ये, म्हणजे तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची सोय होती, आणि गिरणीतला एक माणूस अर्धी मुंबई रिकामी होत असताना इथे थांबून गावी पैसे लावत होता. आणि त्याचा पणतू तीसच्या वर वर्षं पोस्टात. काका कितीतरी वेळ त्या एका शब्दावर बोट ठेवून बसले होते. काकू आतून येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी विचारलं काय लिहिलंय, तर काकांनी पूर्ण पत्र पहिल्यापासून वाचून दाखवलं, न अडखळता, मी न वाचलेले दोन शब्दही त्यात होते.

तर सध्याची स्थिती. वेगवेगळ्या हातांतली घरगुती पत्रं आता मी पानाला चाळीस मिनिटांच्या आसपास काढते, हिशेबाचे कागद अजून हळू, खंडी-मणांत घोळ होतो (वीस मणांची खंडी, चाळीस शेरांचा मण, हे भिंतीवर लिहून लावलंय). फोटो काढताना फ्लॅश मारू नका, खिडकीचा तिरपा उजेड घ्या, आणि कागद जुना असेल तर घडी जोर लावून उलगडू नका. पत्राचं लिप्यंतर मी दोन प्रतींत लिहून काढलं, एक काकांना दिली.

डब्यात अजून अकरा कागद आहेत. काका म्हणाले घेऊन जा, घरी निवांत वाच. मी नाही घेतला. रविवारी सकाळी दहाला लालबागला जायचं, एका वेळी एकच कागद, असं ठरलंय. पुढचा जरा मोठा आहे, कागदाचे दोन बंद एकमेकांना चिकटवलेले, आणि वरचा मायना चिरंजीव आहे, म्हणजे या वेळी भावाचं उत्तर असावं.