बीजिंगचा समर पॅलेस: मागच्या दारानं शिरा

समर पॅलेसला, म्हणजे यीहयुआनला, बऱ्याच सहली पूर्व दरवाजानं नेतात. आम्ही मेट्रोच्या ४ नंबर लाइननं बेइगोंगमेनला उतरून उत्तरेकडून शिरलो. चढण आधीच उरकते आणि टेकडी ओलांडली की खुनमिंग तलाव एकदम समोर येतो. पासपोर्ट हवाच. तिकीट ऑनलाइन आधी काढा, तेही एकत्रित. नाहीतर बुद्धमंदिराच्या उंच मनोऱ्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. अलीपे हे मोबाइलवरून पैसे भरायचं चिनी ॲप घरूनच कार्डाला जोडून घ्या.

टेकडी आणि तलाव, दोन्ही आजच्या रूपात माणसानं घडवलेले. छ्यानलुंग बादशहानं १७५० मध्ये आईच्या साठीसाठी हे काम काढलं. तलाव खोदून मोठा केला, माती टेकडीवर चढवली आणि तिला नाव दिलं दीर्घायुष्याची टेकडी. १८६० मध्ये ब्रिटिश-फ्रेंच फौजांनी हे सगळं जाळलं. कारण दुसरं अफूयुद्ध, म्हणजे व्यापारावरून चीनशी झालेली लढाई. त्या फौजेत हिंदुस्थानी पलटणी होत्या आणि माळव्याची अफू चीनला जायची ती मुंबई बंदरातून. तिथे उभं राहून हे आठवलं, तेव्हा सेल्फीचा हात जरा खाली आला.

राजमाता त्सशीनं बाग पुन्हा उभारली, त्यासाठी आरमाराचा पैसा वळवला. १८८८ मध्ये आजचं नाव दिलं. काठावरच्या 'संगमरवरी' नावेभोवती हीऽ गर्दी! बैठक दगडी, पण वरचा डोलारा लाकडाचा, संगमरवरासारखा रंगवलेला. आरमाराच्या पैशातल्या बागेत कधीच न हलणारी नाव. पुढे १८९४-९५ मध्ये जपाननं चिनी आरमाराचा धुव्वा उडवला.

७२८ मीटर लांबीच्या चित्रमय पडवीतून चालताना मान दुखते, तरी घाई करू नका. तिच्या पूर्वेला तलावाकाठी युलानथांग हा वाडा आहे. गर्दी पुढे निघून जाते, तुम्ही थांबा. ग्वांगशू बादशहानं १८९८ मध्ये हाती घेतलेल्या राज्यकारभारातल्या सुधारणा फसल्यावर त्सशीनं त्याला, आपल्याच भाच्याला, इथे कोंडलं. बाजूच्या दालनांत वाट अडवणाऱ्या विटांच्या भिंती अजून आहेत. बाहेर एवढं पाणी आणि आत वीट. मला सगळ्या बागेत हीच जागा जास्त लक्षात राहिली.

उरलेला वेळ सतरा कमानींच्या पुलाला द्या. जवळच काठावर १७५५ चा काशाचा बैल बसलाय. हिवाळ्यात, २१ डिसेंबरच्या आसपास, मावळतीचं ऊन कमानींतून आरपार जातं. तेव्हा फोटोवाले दुपारपासूनच तिवया लावून बसतात. जागा हवी तर लवकर पोचा, आणि कानटोपी विसरू नका.